स्ले द स्पायर: आयर्नक्लॅडसोबत पहिला विजय कसा मिळवाल

मेगा क्रिट या सिॲटलच्या छोट्या स्टुडिओने २०१७च्या नोव्हेंबरमध्ये 'स्ले द स्पायर' हा व्हिडिओ गेम अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आणला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. डेक-बिल्डिंग (खेळता खेळता आपला पत्त्यांचा संच, म्हणजे डेक, जमवत जाणं) आणि मेलं की पहिल्यापासून सुरुवात, या दोन गोष्टींची जोडी त्यानंतर डझनावारी गेम्सनी उचलली, पण शिकायला सुरुवात करायची तर अजूनही इथूनच करावी. नियम अर्ध्या तासात समजतात. अडतं ते पुढे. पहिल्या अंकाचा (टप्प्याचा) बॉस पडतो, दुसऱ्या अंकात तिसऱ्या-चौथ्या लढतीला रन (सुरुवातीपासून मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंतचा एक डाव) संपतो आणि नशीब वाईट होतं असं वाटत राहतं. बहुतेक वेळा नशिबाचा दोष नसतो. डेक मनातल्या एखाद्या स्वप्नातल्या कॉम्बोसाठी बांधलेला असतो आणि समोर उभा असतो भलताच शत्रू. म्हणून या मार्गदर्शकाचा सगळा भर एकाच सवयीवर आहे: कुठलंही कार्ड घेताना 'पुढच्या पाच-सहा मजल्यांवर मला काय मारू शकतं' हा प्रश्न आधी विचारायचा.

आकडे सगळे मूळ काठिण्यपातळीचे, म्हणजे असेन्शन (विजयानंतर उघडणाऱ्या अधिक अवघड पातळ्या) सुरू होण्याआधीचे आहेत. पात्र आयर्नक्लॅड, कारण सुरुवातीला तेवढाच उघडा असतो आणि चुका पचवण्याची ताकदही त्याच्यातच सर्वांत जास्त आहे.

सुरुवातीचे दहा पत्ते आणि त्यांचं गणित

आयर्नक्लॅडकडे ८० एचपी (जीव), ९९ सोनं आणि दहा कार्डं असतात: पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दर टर्नला ३ एनर्जी मिळते आणि पाच कार्डं हातात येतात. स्ट्राइक १ एनर्जीत ६ डॅमेज करतो, डिफेंड १ एनर्जीत ५ ब्लॉक, म्हणजे तेवढं डॅमेज अडवणारी ढाल, देतो. बॅश २ एनर्जी खातो, ८ डॅमेज करतो आणि शत्रूवर २ व्हल्नरेबल लावतो.

व्हल्नरेबल असलेल्या शत्रूला हल्ल्यांचं डॅमेज ५० टक्के जास्त बसतं. २ व्हल्नरेबल म्हणजे या टर्नमधली बॅशनंतरची कार्डं आणि पुढची अख्खी टर्न. त्यामुळे बॅश नेहमी आधी, स्ट्राइक नंतर. उलट क्रमाने खेळलात तर त्या टर्नमधले ३ डॅमेज फुकट जातात. ३ हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण अशा चुका एका रनमध्ये शंभर वेळा होतात. वीक लागलेल्याचा हल्ला २५ टक्क्यांनी कमी होतो आणि फ्रेल लागला असेल तर तुमच्या कार्डांतून मिळणारा ब्लॉक २५ टक्क्यांनी घटतो. अपूर्णांक नेहमी खाली कापला जातो, म्हणून १८चा हल्ला वीकमुळे १३ होतो.

शत्रूच्या डोक्यावर तो पुढे काय करणार याचं चिन्ह असतं आणि हल्ला असेल तर आकडाही असतो. तो आकडा वाचल्याशिवाय एकही कार्ड टाकू नका. ब्लॉक तुमच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीला नाहीसा होतो, म्हणून शत्रू हल्ला करणार नसेल त्या टर्नला डिफेंड खेळणं म्हणजे एनर्जी वाया घालवणं. पहिल्या काही मजल्यांवर भेटणाऱ्या जॉ वर्मचंच उदाहरण घ्या. तो पहिल्याच टर्नला ११चा चावा घेतो. हातात बॅश, दोन स्ट्राइक, दोन डिफेंड आहेत. दोन डिफेंड आणि एक स्ट्राइक खेळलात तर १ एचपी जातो आणि त्याला ६ बसतात. बॅश आणि स्ट्राइक खेळलात तर ११ जातात आणि त्याला १७ बसतात. बॅश आणि डिफेंड खेळलात तर ६ जातात, त्याला ८ बसतात आणि पुढच्या टर्नला तो व्हल्नरेबलच असतो. आयर्नक्लॅडचं सुरुवातीचं रेलिक (अख्खा रन सोबत राहून फायदा देणारी वस्तू), बर्निंग ब्लड, प्रत्येक लढतीनंतर ६ एचपी परत देतं. म्हणजे एका लढतीत सहापर्यंतचं नुकसान त्याला फुकट असतं, आणि इथे तिसरा पर्याय सर्वांत चांगला ठरतो. ब्लॉकच ब्लॉक करणारा आयर्नक्लॅड लढत लांबवतो आणि लांबलेल्या लढतीत जॉ वर्म स्वतःची स्ट्रेंथ (प्रत्येक घावाला मिळणारं जास्तीचं डॅमेज) वाढवत जातो.

कार्ड खेळण्याचा साधारण क्रम असा ठेवा: आधी पत्ते ओढणारी कार्डं, मग पॉवर (एकदा खेळली की लढत संपेपर्यंत परिणाम टिकणारी कार्डं), मग व्हल्नरेबल किंवा वीक लावणारी, शेवटी हल्ले आणि ब्लॉक. पत्ते ओढण्याआधी ड्रॉ पाइलमध्ये किती उरलेत ते बघा. ती रिकामी असेल तर डिसकार्ड पाइल (वापरून झालेले पत्ते) पिसली जाते आणि तुम्ही या टर्नला आधीच खेळलेला बॅश पुन्हा हातात येऊ शकतो. अशा वेळी चांगली कार्डं आधी खेळून मग ओढणं फायद्याचं. ड्रॉ पाइल उघडून पाहता येते, पण तिथे दिसणारा क्रम हा खरा क्रम नसतो. त्यावरून पुढचं कार्ड ओळखायचा प्रयत्न करू नका.

निओकडून काय घ्यावं

रनच्या सुरुवातीला भेटणारी निओ काही पर्याय देते. मागच्या रनमध्ये पहिल्या बॉसपर्यंत पोहोचला नसाल तर दोनच मिळतात: थोडे कमाल एचपी किंवा पुढच्या तीन लढतींतले शत्रू १ एचपीवर. यातला दुसरा घ्या आणि नकाशा असा आखा की तिसरी लढत एलिटची (साध्या शत्रूंपेक्षा बलवान शत्रूची) असेल. एलिट सहाव्या मजल्याआधी येत नाहीत, म्हणून मध्ये प्रश्नचिन्हाच्या खोल्यांतून जावं लागतं. त्या खोल्यांतही कधी कधी लढत निघते आणि त्या तीनांतली एक तिथेच खर्च होते, हे धरून चाला.

चार पर्याय मिळत असतील तर नवख्याने मोह टाळून साधं काही घ्यावं. एक कार्ड काढून टाकणं, तीनातून एक कार्ड निवडणं, १०० सोनं किंवा एक साधं रेलिक, यातलं काहीही चालेल. सुरुवातीचं रेलिक देऊन त्याऐवजी कुठलंही बॉस रेलिक घेण्याचा पर्याय दिसला तर पहिल्या विजयापर्यंत त्याला हात लावू नका. बर्निंग ब्लडचे दर लढतीचे ६ एचपी पन्नास मजल्यांत किती होतात याचा हिशेब एकदा मांडून बघा.

नकाशा खालून नाही, वरून वाचा

प्रत्येक अंकात पंधरा मजले आणि त्यावर बॉस असतो. नवव्या मजल्यावर खजिना आणि पंधराव्यावर शेकोटी (विश्रांतीची किंवा कार्ड सुधारण्याची जागा) ठरलेली असते. कुठला बॉस आहे ते नकाशाच्या माथ्यावर पहिल्या क्षणापासून दिसतं. नकाशाच्या बाजूला चिन्हांची यादी असते. तिथल्या चिन्हावर कर्सर नेला की त्या प्रकारच्या सगळ्या खोल्या उठून दिसतात. एलिट आणि शेकोट्या अशा शोधा आणि मग वाट मागे मागे खाली आणा.

पहिल्या अंकासाठी चांगल्या वाटेत सुरुवातीला दोन-तीन साध्या लढती असतात. पहिल्या तीन लढती सोप्या गटातून येतात आणि प्रत्येकीनंतर तीनातून एक कार्ड निवडायला मिळतं, म्हणून त्या टाळणं म्हणजे स्वस्तातली कार्डं सोडणं. त्यानंतर एक किंवा दोन एलिट आणि एलिटच्या आधी किंवा लगेच नंतर शेकोटी असावी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एलिटच्या खालच्या खोलीतून दुसरीकडे वळणारी फांदी असावी. डेक तयार नसेल तर त्या फांदीने निसटता येतं. एकच सरळ रेघ असलेली वाट कितीही श्रीमंत दिसली तरी घेऊ नका.

एलिट टाळून बॉसपर्यंत सुखरूप जायचा विचार मोहक आहे, पण दुसऱ्या अंकात तो महागात पडतो. एलिट हरवला की रेलिक नक्की मिळतं आणि रेलिकांशिवाय दुसरा अंक पार करणं कठीण असतं.

कार्ड कधी घ्यावं, कधी सोडावं

दहा कार्डांच्या डेकमध्ये बॅश दर दोन टर्नला हातात येतो. तोच डेक तीस कार्डांचा झाला तर बॅश सहा टर्नमध्ये एकदा दिसतो. डेक फुगवू नये हा सल्ला यातूनच येतो आणि तो बरोबर आहे, पण नवखे त्याचा अर्थ उलटा घेतात. पहिल्या अंकाच्या सुरुवातीपासूनच ते कार्डं नाकारायला लागतात आणि पाच स्ट्राइक घेऊन एलिटसमोर उभे राहतात. पहिल्या पाच-सहा मजल्यांवर स्ट्राइकपेक्षा सरस असलेलं जवळपास प्रत्येक हल्ल्याचं कार्ड घ्यावं. सहाव्या मजल्यावर पाऊल ठेवताना डेकमध्ये किमान दोन-तीन चांगले हल्ले हवेत. नाकारायची वेळ त्यानंतर येते.

या टप्प्यावरची चांगली कार्डं: पॉमेल स्ट्राइक १ एनर्जीत ९ डॅमेज करतो आणि एक पत्ताही ओढतो. हेमोकायनेसिस २ एचपी घेतो, पण १ एनर्जीत १५ डॅमेज करतो. कार्नेज २ एनर्जीत २० डॅमेज करतो, मात्र त्या टर्नला खेळला नाही तर लढतीपुरता जातो. अपरकट २ एनर्जीत १३ डॅमेज करून वर वीक आणि व्हल्नरेबल दोन्ही लावतो. इमोलेट दिसला तर विचार करत बसू नका, २ एनर्जीत सगळ्या शत्रूंना २१. परफेक्टेड स्ट्राइक या वेळी दिसतो त्यापेक्षा बलवान असतो. त्याचे मूळ ६ आणि डेकमधल्या नावात स्ट्राइक असलेल्या प्रत्येक कार्डामागे २, आणि तो स्वतःलाही मोजतो. म्हणजे पाच स्ट्राइक डेकमध्ये असताना त्याचं डॅमेज १८. हा घेतलात तर पुढे दुकानात स्ट्राइक काढण्याची घाई करू नका, नाहीतर दोन निर्णय एकमेकांनाच खातील.

ब्लॉकमध्ये श्रग इट ऑफ सर्वांत भरवशाचा आहे, १ एनर्जीत ८ ब्लॉक आणि वर एक पत्ता. अख्ख्या रनमध्ये असा क्वचितच डेक होतो ज्यात तो नको असतो.

आता फसवी कार्डं. क्लॅश फुकट आहे आणि १४ डॅमेज करतो, पण हातातली सगळी कार्डं हल्ल्याची असतील तरच खेळता येतो. चार डिफेंड असलेल्या डेकमध्ये तो हातात अडकून पडतो. लिमिट ब्रेक स्ट्रेंथ दुप्पट करतो, पण शून्याची दुप्पट शून्यच. स्ट्रेंथ देणारं कार्ड आधी डेकमध्ये येऊ द्या, लिमिट ब्रेक नंतर. बॉडी स्लॅम तुमच्या ब्लॉकइतकं डॅमेज करतो, म्हणून दहा-बारा ब्लॉकवर चालणाऱ्या डेकमध्ये तो महागडा स्ट्राइकच ठरतो. डेमन फॉर्म आणि बॅरिकेड दोन्ही ३ एनर्जीचे आहेत. ते खेळायचे तर तुमची अख्खी टर्न जाते आणि त्या टर्नला शत्रू काय करतो यावर सगळं अवलंबून असतं. बॉससमोर ते सोन्यासारखे आहेत, तीन बायर्ड पक्ष्यांसमोर मात्र ओझं.

पहिला अंक संपताना डेक पंधरा ते अठरा कार्डांचा असावा. दुसऱ्या अंकात 'डॅमेज हवं का ब्लॉक' याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: लढत लांबली तर मी वाढतो का? त्याची आयर्नक्लॅडकडे मुख्यतः तीन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे स्ट्रेंथ. इन्फ्लेम किंवा डेमन फॉर्मसोबत अनेकदा मारणारी कार्डं चांगली लागतात, कारण स्ट्रेंथ प्रत्येक घावाला मिळते. ५चे दोन घाव घालणारा ट्विन स्ट्राइक ३ स्ट्रेंथवर १६ करतो. हेवी ब्लेडला तर स्ट्रेंथ तिप्पट लागते. दुसरं उत्तर साठवलेला ब्लॉक: बॅरिकेडमुळे ब्लॉक जात नाही, एंट्रेंच तो दुप्पट करतो आणि बॉडी स्लॅम त्याचं डॅमेज करतो. तिसरं आणि माझ्या मते सर्वांत ताकदवान उत्तर एक्झॉस्टचं, म्हणजे कार्ड लढतीपुरतं बाद होण्याचं. करप्शन खेळलं की सगळी स्किल कार्डं (हल्ला किंवा पॉवर नसलेली) फुकट होतात, पण खेळल्यावर एक्झॉस्ट होतात. फील नो पेन प्रत्येक एक्झॉस्टला ३ ब्लॉक देतं आणि डार्क एम्ब्रेस एक पत्ता ओढतं. तिन्ही जमली की एका टर्नमध्ये हात रिकामा होऊन पुन्हा भरत राहतो.

पण हे मनाशी ठरवून रन सुरू करायचा नाही. करप्शन दुर्मीळ आहे, येईल की नाही याची खात्री नाही. फील नो पेन आलं आणि कार्ड एक्झॉस्ट करणारा ट्रू ग्रिट आधीच डेकमध्ये असेल तर त्या दिशेने झुका, नाहीतर मिळालंय त्यातून वाट काढा. काही कार्डं सुरुवातीला कुलूपबंदही असतात. हरलेल्या रनचेही गुण साठून ती हळूहळू उघडतात.

पहिल्या अंकाचे तीन एलिट

ग्रेम्लिन नॉबकडे ८२ ते ८६ एचपी असतात. पहिल्या टर्नला तो फक्त ओरडतो आणि त्यानंतर तुम्ही खेळलेल्या प्रत्येक स्किलमागे त्याला २ स्ट्रेंथ मिळते. डिफेंड हे स्किलच आहे. त्यामुळे त्याच्यासमोर ब्लॉक करत बसणं म्हणजे त्याला धार लावून देणं. त्याचा साधा हल्ला १४चा असतो. दुसरा ६चा असतो, पण तो तुमच्यावर २ व्हल्नरेबल लावतो आणि मग पुढचा १४चा २१ होतो. पहिल्या टर्नला त्याला राग आलेला नसतो, म्हणून जी स्किल कार्डं खेळायची ती तेव्हाच खेळून घ्या. दुसऱ्या टर्नपासून फक्त हल्ले. चार-पाच टर्नमध्ये तो पडला पाहिजे. हातात पोशन (एकदाच वापरता येणारं औषध) असेल तर ते वापरायची जागा हीच. फायर पोशनचे २० डॅमेज म्हणजे त्याचा जवळपास पाव जीव, आणि पोशन हे स्किल मोजलं जात नाही.

लागाव्हुलिन १०९ ते १११ एचपीचा आहे आणि झोपलेला सापडतो. झोपेत त्याला दर टर्नला ८ ब्लॉक मिळतो. ब्लॉक फोडून जखम केलीत तर तो त्या टर्नला बधिर होतो आणि पुढच्या टर्नला मारायला लागतो. हात लावला नाहीत तरी तीन टर्नने उठतोच. म्हणून पहिल्या दोन टर्न पॉवर खेळण्यासाठी आणि चांगला हात जमवण्यासाठी वापरा आणि तिसऱ्या टर्नला बॅशने सुरुवात करून जोरात मारा. तो हल्ला तुम्हाला मोफत मिळतो, कारण त्यानंतर तो उठणारच होता. जागा झाला की १८, १८ आणि मग तुमची स्ट्रेंथ आणि डेक्स्टेरिटी (ब्लॉक वाढवणारा गुण) एकेकाने कमी, असं चक्र चालतं. तिसऱ्या चक्रापर्यंत लढत गेली तर ती हातची गेलीच.

तीन सेंट्रींच्या लढतीत ३८ ते ४२ एचपीचे तीन यंत्रखांब असतात. बाहेरचे दोघे पहिल्या टर्नला तुमच्या डेकमध्ये डेझ्ड ही निरुपयोगी कार्डं टाकतात, मधला ९चा किरण मारतो आणि मग कामं आलटून पालटून होतात. आधी बाहेरचा एक मारा. मधला आधी मारलात तर उरलेले दोघे एकाच टर्नला किरण मारतील, म्हणजे १८. बाहेरचा मारल्यावर दर टर्नला ९च येतात आणि ते दोन डिफेंडमध्ये मावतात. प्रत्येकाकडे १ आर्टिफॅक्ट (एक वाईट परिणाम अडवणारं कवच) असतं, म्हणून पहिल्या बॅशचं व्हल्नरेबल लागणारच नाही.

शेकोटी, दुकान, पोशन

शेकोटीवर एकच काम करता येतं: कमाल एचपीच्या ३० टक्के भरून घेणं, म्हणजे ८०वर २४, किंवा एक कार्ड अपग्रेड करणं. पुढची खोली एलिटची नसेल आणि अर्ध्याहून अधिक एचपी असतील तर अपग्रेड करा. पहिलं अपग्रेड बहुतेक वेळा बॅशचं. त्याचं डॅमेज १० होतं आणि व्हल्नरेबल ३. स्ट्राइक किंवा डिफेंड अपग्रेड करण्यात शेकोटी घालवू नका.

बॉसच्या आधीच्या शेकोटीचा विचार वेगळा. या पातळीवर बॉस पडला की एचपी पूर्ण भरतात. म्हणजे बॉस संपताना तुमच्याकडे १ एचपी उरला काय आणि ६० उरले काय, फरक शून्य. बॉसला पुरतील इतके एचपी असतील तर विश्रांती न घेता अपग्रेड घ्या, तो शेवटपर्यंत सोबत राहतो.

दुकानात एक कार्ड काढून टाकायचं शुल्क ७५ सोनं आहे आणि प्रत्येक वेळी ते २५ने वाढतं. शाप (डेकमध्ये शिरलेलं निरुपयोगी किंवा घातक कार्ड) असेल तर तो आधी काढा, मग स्ट्राइक. डिफेंड शेवटी. दुकानातलं एक कार्ड निम्म्या किमतीत असतं, आधी ते बघा. साध्या लढतीला १० ते २०, एलिटला २५ ते ३५ सोनं मिळतं, म्हणून दुकान अंकाच्या उत्तरार्धात लागेल अशी वाट असली तर उत्तम. खिशात शंभर सोनं घेऊन दुकानात जाणं म्हणजे बहुधा फक्त बघून येणं.

पोशनच्या तीन जागा असतात. तिन्ही भरल्या असताना चौथं मिळालं तर आधीचं एक सोडावं लागतं. पोशन साठवत साठवत मरणं ही सर्वांत नेहमीची आणि सर्वांत टाळण्याजोगी चूक आहे. एलिटसमोर एक वापरायचंच, असा नियम ठेवा.

पहिल्या अंकाचे बॉस

स्लाइम बॉसकडे १४० एचपी आहेत आणि ७० किंवा त्याखाली गेला की तो दोन मोठ्या स्लाइममध्ये फुटतो. प्रत्येकाला फुटताना उरलेले एचपी मिळतात. इथे हिशेबच लढत जिंकून देतो. तो ७५वर असताना ५चा घाव घातलात तर ७०-७०चे दोन, म्हणजे पुन्हा १४०. त्याच वेळी ३५ घातलेत तर ४०-४०, म्हणजे ८०. त्यामुळे त्याला ७५ ते ८०च्या आसपास आणून थांबा आणि मोठा हात आला की एकाच टर्नमध्ये सगळं ओता. फुटताना त्याची ठरलेली चाल रद्द होते, म्हणून ३५चा धपाटा येणार असेल तीच फोडायची उत्तम वेळ.

गार्डियनला २४० एचपी आहेत. एकूण ३० डॅमेज झालं की तो कवचात जातो, पुढच्या वेळी ४०, मग ५०. दुसऱ्या टर्नला तो ३२चा फटका मारतो. पहिल्या दोन टर्नमध्ये ३० डॅमेज पूर्ण केलंत तर तो फटका येतच नाही. कवचात असताना तुमच्या प्रत्येक हल्ल्याच्या कार्डामागे तुम्हाला ३ बसतात, तेव्हा छोटे छोटे स्ट्राइक टाळा, ब्लॉक करा, पॉवर खेळा.

हेक्साघोस्ट २५० एचपीचा आहे. दुसऱ्या टर्नला तो सहा घाव घालतो आणि प्रत्येक घाव तुमच्या एचपीच्या बाराव्या भागात १ मिळवून ठरतो. ८० एचपीवर ७चे सहा, एकूण ४२. ५६ एचपीवर ५चे सहा, एकूण ३०. म्हणजे पंधराव्या मजल्यावर ५६चे ८० करून आलात तर त्या २४पैकी १२ तो लगेच घेऊन जातो. हेक्साघोस्ट माथ्यावर दिसत असेल तर शेवटच्या शेकोटीवर अपग्रेडच घ्यावं. त्यानंतर तो डेकमध्ये बर्न (हातात राहिलं तर चटका देणारी कार्डं) भरत जातो, म्हणून लढत लवकर संपवणारा डेक हवा.

बॉस रेलिक

बॉसनंतर तीनातून एक मिळतं. दर टर्नला चौथी एनर्जी देणारी रेलिक्स सगळ्यांत मोठी, पण प्रत्येकाची किंमत आहे. कॉफी ड्रिपर विश्रांती बंद करतं, फ्यूजन हॅमर अपग्रेड बंद करतं, सोझू नवी पोशन बंद करतं, एक्टोप्लाझम सोनं बंद करतं, फिलॉसॉफर्स स्टोन सगळ्या शत्रूंना १ स्ट्रेंथ देतं. महत्त्वाचे अपग्रेड झाले असतील तर फ्यूजन हॅमर घ्या. डेक अजून कच्चा असेल आणि बर्निंग ब्लडवर तग धरता येत असेल तर कॉफी ड्रिपर. रूनिक डोम शत्रूच्या चाली लपवतं. सगळ्या शत्रूंच्या चाली पाठ होईपर्यंत ते घेऊ नका. वेल्व्हेट चोकर टर्नला सहाच कार्डं खेळू देतं, जड कार्डांच्या डेकला ते अजिबात जाचत नाही.

दुसरा अंक

बहुतेक रन इथेच संपतात आणि कारण बहुतेक वेळा तेच असतं. पहिल्या अंकात समोर एकटा मोठा शत्रू होता, इथे तीन-तीन असतात. बायर्ड उडत असताना अर्धंच डॅमेज घेतात आणि तीनदा मारल्यावर जमिनीवर येतात. त्यांच्यावर एकच मोठा घाव घालणारा कार्नेज वाया जातो. सगळ्यांना मारणारं निदान एक कार्ड घेऊन या अंकात या, मग ते क्लीव्ह असो, व्हर्लविंड असो किंवा इमोलेट. ब्लॉकही आता डिफेंडवर भागत नाही.

डेक अशक्त वाटत असेल तर इथे एलिट टाळून प्रश्नचिन्हांतून जाण्यात काहीही कमीपणा नाही. ग्रेम्लिन लीडरच्या लढतीत नेत्यावर लक्ष ठेवा, तो पडला की बाकीचे पळून जातात.

बॉसपैकी चॅम्पकडे विशेष लक्ष हवं. ४२० एचपीचा हा पठ्ठ्या निम्म्याखाली गेला की अंगावरचे सगळे वाईट परिणाम झटकतो, स्ट्रेंथ वाढवतो आणि मग जीवघेणे दुहेरी घाव घालू लागतो. त्याला २२०-२३०वर आणून थांबा. पॉवर खेळून घ्या, पोशन तयार ठेवा, चांगला हात येऊ द्या आणि मग एकदाच रेषा ओलांडा. ब्रॉन्झ ऑटोमॅटनचा हायपर बीम ४५चा असतो. त्यानंतरची टर्न तो बधिर बसतो, तेव्हा ब्लॉक सोडून फक्त मारा. कलेक्टर मशालवाल्यांना बोलवत राहतो, सगळ्यांना मारणाऱ्या कार्डाशिवाय त्याची लढत लांबते.

तिसरा अंक आणि पुढे

तिसऱ्या अंकात नवं कार्ड घेण्यापेक्षा नाकारण्याकडे कल हवा. माथ्यावरचा बॉस बघून उरलेल्या दुकानांत आणि शेकोट्यांवर काय करायचं ते ठरवा. टाइम ईटर ४५६ एचपीचा आहे. तुमच्या दर बाराव्या कार्डाला तो टर्न संपवतो आणि २ स्ट्रेंथ घेतो. मोजणी टर्नबरोबर शून्य होत नाही, म्हणून ती दहावर असेल तर पुढच्या टर्नला दोनच कार्डं खेळता येतील हे आधीच लक्षात घ्या आणि ब्लॉक आधी टाका. अवेकन्ड वनचा पहिला ३०० एचपीचा अवतार तुमच्या प्रत्येक पॉवरमागे १ स्ट्रेंथ घेतो. तो मेल्यावर पुन्हा ३०० घेऊन उठतो, मात्र त्या अवतारात पॉवरची भीती नसते. एखाद-दोन अत्यावश्यक पॉवर सुरुवातीला, बाकीच्या दुसऱ्या अवतारासाठी राखून ठेवा. डोनू आणि डेका प्रत्येकी २५० एचपीचे आहेत. दोघांची स्ट्रेंथ वाढवणारा डोनू आधी पाडा.

आयर्नक्लॅड, सायलेंट आणि डिफेक्ट या तिन्ही पात्रांनी तिसरा अंक जिंकला की चौथ्याचा रस्ता तीन किल्ल्यांनी उघडतो. माणकाची किल्ली शेकोटीवर एक काम खर्चून मिळते, पाचूची जळत्या एलिटला हरवून, नीलमण्याची खजिन्यातलं रेलिक सोडून. पाचूची किल्ली पहिल्या अंकात घ्यायची घाई नको, कारण जळत्या एलिटला जास्तीचं बळ मिळालेलं असतं. नीलमण्याची मात्र खजिन्यातलं रेलिक कामाचं नसेल त्या पहिल्याच वेळी घेऊन टाका.

वर हार्ट हा शेवटचा बॉस, ते ७५० एचपीचं असतं आणि एका टर्नमध्ये ३००पेक्षा जास्त डॅमेज घेतच नाही, म्हणजे कितीही भारी कॉम्बो असला तरी किमान तीन टर्न. तुमच्या प्रत्येक कार्डामागे १ डॅमेज परत येतं, त्यामुळे फुकटची छोटी कार्डं धडाधड टाकणारा डेक इथे स्वतःलाच मारतो. पहिल्या टर्नला ते वीक, फ्रेल आणि व्हल्नरेबल तिन्ही लावतं आणि डेकमध्ये पाच निरुपयोगी कार्डं घालतं. ती टर्न हल्ल्याची नसते, तेव्हा सगळी एनर्जी पॉवरमध्ये घाला. दुसऱ्या टर्नला फ्रेल असतानाही मोठा ब्लॉक उभा करावा लागतो, म्हणून आर्टिफॅक्ट देणारं एन्शंट पोशन दुकानात दिसलं तर ते या लढतीच्या पहिल्या टर्नसाठीच घेऊन ठेवा.